बॅटरीची नाडी

रात्रीचा एक वाजला होता. उज्जैनची डिसेंबरची थंडी. अप्पा सोवळ्याच्या धोतरावर शाल लपेटून गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. मागे आमची ही आणि दोन्ही मुलं. मी किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, बॉनेटखालून ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा किल्ली. पुन्हा टक् टक्. तिसऱ्या वेळी तेवढाही आवाज नाही.

आई गेल्याला तीन वर्षं झाली. तिचं माहेर उज्जैनचं. महाकालाची भस्म आरती अप्पांना एकदा तिच्यासोबत बघायची होती. नोकरी, आजारपण, आमची शिक्षणं यांत ते राहून गेलं. तिच्या पश्चात तरी बघावी म्हणून आगाऊ नोंदणी करून बेळगावहून गाडीने निघालो होतो. पुणे, नाशिक, धुळे, इंदूर करत सुमारे हजार किलोमीटर. गाडीने वाटेत कुठे कुरकूर केली नाही आणि मंदिर तीन किलोमीटरवर आल्यावर मान टाकली.

आरती पहाटे चारला असली, तरी रांगेसाठी त्याच्या पुष्कळ आधी पोहोचावं लागतं. शेवटी मावशींनी गल्लीच्या तोंडाशी जाऊन एक रिक्षा थांबवली, त्यात आम्ही पाचजण कोंबून बसलो आणि कसेबसे वेळेत पोचलो. आरती झाली. अप्पांचे डोळे भरून आले. आणि मी? खोटं कशाला सांगू, तिथेही मी मनातल्या मनात एका माणसाशी भांडत होतो.

तो माणूस म्हणजे माझा जुना विद्यार्थी. बी.ए. झाला, नोकरी मिळेना, तेव्हा कर्ज काढून त्याने बॅटरीचं दुकान टाकलं. सव्वा वर्षापूर्वी ही बॅटरी मी त्याच्याकडूनच घेतली होती. मंदिरातून बाहेर आलो तेव्हा सहा वाजत होते. फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. जुना माल खपवलास, मास्तरालाही सोडलं नाहीस, वगैरे. तो शांतपणे एवढंच म्हणाला, “सर, कुणाला दाखवलीत का? रीडिंग काय आलं?” मी म्हटलं, “रीडिंग गेलं खड्ड्यात,” आणि फोन ठेवला. एवढ्यावर भागलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी लिहून टाकल्या. नाव घेतलं नाही, पण आमच्या गावात बॅटरीचं दुकान काढलेला माझा विद्यार्थी एकच. ही म्हणत होती, “स्वल्प ताळ्री.” जरा थांबा. मी थांबलो नाही.

मावशींच्या फ्रीगंजातल्या घरासमोर सकाळी नऊला एक वयस्कर मिस्त्री आले. आमच्या मराठीला कानडीचा हेल, तशी मावशींच्या मराठीला हिंदीची कड. “गाडी चालूच नाही होऊन राहिली,” असं त्यांनी मिस्त्रींना सांगितलं. मी लगेच जोडलं, “बॅटरी खराब निघाली. कंपनीचाच दोष.” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पहले नापो, फिर बोलो.” आधी मोजा, मग बोला.

त्यांनी मोजलं. मी कलाशाखेचा माणूस, पण त्या दिवशी जे पाहिलं ते कुणालाही कळेल असं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. ही शिशाची बॅटरी गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. पूर्ण भरलेला एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. सहांचे मिळून झाले १२.६. गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावला आणि १२.६ किंवा वर आकडा दिसला, तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. आमचा आकडा आला ११.९८.

“बघा, मेलीच आहे,” मी म्हटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी झाकणं उघडली आणि काचेची पिचकारी काढली. आत एक छोटा तरंगणारा काटा. तो हायड्रोमीटर. दूधवाल्याचं लॅक्टोमीटर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुधात पाणी किती हे जसं ते सांगतं, तसं बॅटरीच्या पाण्यात आम्ल किती हे हा सांगतो. बॅटरी उतरते तेव्हा आम्लातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि पाणी पातळ होतं. चार्ज केली की तो परत पाण्यात येतो. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२४० ते १.२८०च्या दरम्यान असते. मिस्त्री तिला साडेबाराशे, बाराशे ऐंशी असं म्हणतात.

आमच्या सहा सेलचे आकडे त्यांनी खडूने फरशीवर लिहिले. ११५०, ११६०, ११५०, ११६०, ११५०, ११५०. मग म्हणाले, “सहाही एकसारखे. यात आजारी कुणी नाही. सगळे उपाशी आहेत.”

वाचकहो, वॉरंटीचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे. सहाही सेल सारखेच खाली असतील, तर बॅटरी फक्त उतरलेली असते. कारण बाहेर कुठेतरी असतं. पण पाच सेल साडेबाराशे दाखवतात आणि एकच अकराशे वीसवर बसलाय, तर तो सेल मेलेला. आत पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील नाहीतर जोड तुटला असेल. दोन सेलमध्ये पन्नासाहून जास्त फरक दिसला की संशय घ्यायचा. पहिली बॅटरी कंपनी बदलून देत नाही आणि ते बरोबरच आहे. दुसरी तिने बदलून द्यायला हवी.

पण उतरलेल्या बॅटरीवर निकाल द्यायचा नसतो. मिस्त्रींनी ती चार्जिंगला लावली. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणून साडेतीन अँपिअरवर, हळूहळू. बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश हा त्यांचा नेम. “संध्याकाळी या,” म्हणाले.

दिवस रिकामा होता. अप्पांना घेऊन मी वेधशाळेत गेलो. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करून घेतली. लहान पितळी यंत्रांत चूक राहते म्हणून जयसिंहाने चुन्यादगडांची प्रचंड यंत्रं बांधली. सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली वाकलेल्या पट्टीवर सरकत होती. अप्पा निवृत्त शाळामास्तर. त्यांनी सावली पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “सत्तावीस मिनिटांचा फरक आहे. कोण चुकतंय?”

कुणीच नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, उज्जैन आहे पावणेशहात्तरच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं. हिशोब केला की सावलीही खरी आणि घड्याळही खरं. वर्षभरात सूर्याच्या चालीमुळे थोडी आणखी बेरीज-वजाबाकी असते, तिचाही तक्ता करता येतो. अप्पा म्हणाले, “नुसता आकडा बघून चालत नाही. तो कशाच्या संदर्भात आहे ते कळायला हवं.” मला सकाळचा ११.९८ आठवला आणि मी गप्प झालो.

संध्याकाळी गेलो तेव्हा सहाही सेल साडेबाराशेच्या घरात होते. मिस्त्रींनी लोड टेस्टर लावला. दोन जाड चिमटे, एक काटा आणि आत तापणारी तार. बॅटरीवर स्टार्टरइतका भार टाकायचा आणि पंधरा सेकंद काटा बघायचा. ९.६ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली. आमचा १०.४वर स्थिर राहिला. बॅटरी ठणठणीत.

मग खाल्लं कुणी? त्यांनी बॅटरी गाडीत बसवली, सगळं बंद केलं, निगेटिव्हची वायर सोडून मधे मीटर लावला. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडी वीज खातात. ती ०.०५ अँपिअरच्या आत हवी. मीटर दाखवत होता ०.३०. मिस्त्रींनी काचेवरच्या कॅमेऱ्याची पिन उपटली. काटा ०.०२वर आला.

तो कॅमेरा मीच बसवून घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी, लांबचा प्रवास म्हणून, आणि “चोवीस तास चालू राहू दे” असं मीच सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी सातला गाडी लावली. जुन्या उज्जैनच्या गल्ल्या अरुंद, म्हणून पुढचे तीन दिवस ई-रिक्षाने फिरलो. शनिवारी मध्यरात्रीनंतर एक वाजेपर्यंत ७८ तास झाले. गुणिले ०.३, म्हणजे तेवीस अँपिअर-तासांच्या वर. ३५ पैकी दोन तृतीयांश कॅमेऱ्याने पिऊन टाकली, वर थंडी. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि फाशी देणारा चोराचा जामीनदार!

ही म्हणाली, “आता फोन कोण करणार?” मी म्हटलं, “घरी गेल्यावर प्रत्यक्षच भेटतो.” खरं म्हणजे धीर होत नव्हता.

परतीच्या हजार किलोमीटरांत मिस्त्रींचे शब्द मी वहीत उतरवले. आपल्या उपयोगी पडतील तेवढे इथे देतो.

महिन्यातून एकदा बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर इंजिन बंद करून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

झाकणांची बॅटरी असेल तर पाण्याची पातळी खुणांच्या मधे ठेवा. पाणी डिस्टिल्डच. नळाचं नाही, विहिरीचं नाही, फिल्टरचं किंवा बाटलीतलं पिण्याचंही नाही. त्यातले क्षार पट्ट्यांना मारतात. आम्ल तर कधीच घालायचं नाही. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच असतं. आमच्या सासूबाई वटपौर्णिमेच्या दिवशीही ड्रायव्हरला आठवण करतात, “बॅटरीगू नीरु बेकु.” त्यांना शास्त्र माहीत नसेल, सवय बरोबर आहे.

झाकणं नसलेल्या मेंटेनन्स फ्री बॅटरीवर एक गोल डोळा असतो. हिरवा म्हणजे भरलेली, काळा म्हणजे उतरलेली, पांढरट किंवा पिवळट म्हणजे पाणी संपलेली. पण हा डोळा सहांपैकी एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकीच्या पाचांचं त्याला ठाऊक नसतं. म्हणून तिथे मल्टिमीटर आणि लोड टेस्टच खरा.

इंजिन चालू असताना मीटर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान हवा. कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा, जास्त असेल तर रेग्युलेटर. ही तपासणी न करता नवी बॅटरी बसवली, तर तीही सहा महिन्यांत झोपते आणि आपण दुसऱ्या कंपनीला शिव्या घालतो. गाडी नुसती उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट चालवा. गल्लीत फेरी मारून भागत नाही. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पट्ट्यांवर बसलेला गंधकाचा थर कडक होतो आणि मग तो चार्जिंगनेही सुटत नाही. आणि एक लक्षात ठेवा, बॅटरी संपते उन्हाळ्यात, कळतं हिवाळ्यात. उष्णतेने ती आतून झिजते, थंडी फक्त बातमी देते.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

आता वॉरंटी. बॅटरीवर ‘४८ महिने’ असं मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात ‘२४ अधिक २४’ असू शकतं. पहिल्या मुदतीत सदोष बॅटरी फुकट बदलून मिळते. दुसऱ्या मुदतीत नव्या बॅटरीच्या किमतीवर फक्त सूट मिळते आणि ती महिन्यागणिक कमी होत जाते. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा उरलेल्या दिवसांचीच वॉरंटी असते, नवे ४८ महिने नव्हेत. खासगी गाडीची बॅटरी टॅक्सीला किंवा इन्व्हर्टरला लावली तर हक्क जातो. उतरलेली, फुटलेली, भलतं पाणी घातलेली बॅटरी यात बसत नाही.

आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाईंचं उदाहरण सांगतो. त्यांची बॅटरी विसाव्या महिन्यात बसली. कंपनीच्या माणसाने “पाणी घातलं नाही, म्हणून गेली” असा शेरा मारला. बाईंनी पर्समधून छोटी वही काढली. त्यात पाणी घातल्याच्या तारखा, वर्षभराची व्होल्टची रीडिंग आणि शेवटच्या पानावर सहा सेलचे आकडे. पाच साडेबाराशेच्या जवळ, तिसरा अकराशे वीस. शिवाय पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, त्यावर बॅटरीवरचाच सीरियल नंबर. त्यांनी एवढंच सांगितलं, “नाकारत असाल तर कारण आणि रीडिंग लेखी द्या.” लेखी द्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा तपासणी झाली आणि चार दिवसांत नवी बॅटरी आली. त्यांच्या वतीने कंपनीकडे चिकाटीने फोन करणारा दुकानदार कोण होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तो हाच माझा विद्यार्थी.

तेव्हा बॅटरी तपासायला देताना सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्या. तपासणीला दोन-तीन दिवस लागले तर ओरडू नका. पूर्ण चार्ज केल्याशिवाय खरा निकाल येत नाही. तोवर बदली बॅटरी मागा, पुष्कळ दुकानदार देतात. दोष असूनही कुणी हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो जुलै २०२०पासून लागू आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नका, दुकानातच परत करा. शिसं विषारी आहे. २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बेळगावात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. आत दोन गिऱ्हाइकं होती. एकाशी तो मराठीत बोलत होता, दुसऱ्याशी कानडीत. मला पाहून उठून उभा राहिला. वर्गात उभा राहायचा तसाच. मी वही पुढे केली, सगळी रीडिंग दाखवली, कॅमेऱ्याचं सांगितलं. म्हणालो, “चूक माझी. आणि बोललो ती दुसरी चूक.” तो हसून म्हणाला, “चालायचंच सर.” मग जरा थांबून हळूच, “त्या मेसेजनंतर दोघांनी ऑर्डर रद्द केली. तेवढं गटावर लिहिलंत तर बरं होईल.”

तिथेच उभं राहून लिहिलं. आधीच्या मेसेजच्या चार ओळी होत्या, या वेळी दहा लागल्या. आरोप करायला आकडा लागला नव्हता, माफी मागताना सगळे आकडे द्यावे लागले. रद्द केलेल्यांपैकी एकजण परत आला. दुसरा आला नाही, आणि त्याची भरपाई कुठल्या वॉरंटीत बसत नाही.

निघताना त्याने एक पुठ्ठा पुढे केला. म्हणाला, “सर, त्या मिस्त्रींचं वाक्य लिहून द्या ना, दोन्ही भाषांत. काउंटरमागे लावतो.” मी मराठीत लिहिलं, “आधी मोजा, मग बोला.” कानडीसाठी हिला फोन लावला. तिने सांगितलं, “मोदलु अळेयिरि, आमेले मातनाडिरि.” आणि पुढे म्हणाली, “एक घरीही लावा. तुमच्या टेबलासमोर.”